एका मचव्याचा एक कौल

अहो, आज सकाळी पेज उतरवली आणि सवयीनं म्हणाले, ओल्या धोतरानं गाभाऱ्यात शिरू नका, छातीला बाधेल. बोलून गेले आणि मग कळलं. धाकटे भाऊजी समोर बसले होते. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि फुलांची परडी उचलून देवळाकडे निघून गेले. आता देवीचं सगळं तेच करतात. त्यांना अजून गाऱ्हाणं नीट पाठ नाही. मध्येच अडखळतात आणि दाराशी उभे असलेले लोक एकमेकांकडे बघतात.

येणारा जाणारा तुम्ही कसे देवमाणूस होतात ते मला सांगून जातो. बोर्लीच्या बाजारातला एक दुकानदार आला होता, तो म्हणाला, गुरवाच्या जिभेवर देवी बसलेली होती. मी म्हटलं, बसली असेल हो, पण त्या जिभेला कारलं चालत नव्हतं, तेव्हा तिच्यासाठी मला वेगळी भाजी करावी लागायची. हसावं की नाही, त्या बिचाऱ्याला कळेना. मला राग येतो या लोकांचा. त्यांचा गुरव गेला, त्यांना दुसरा मिळाला. माझं भांडण अर्धं राहिलं, ते मी कुणाशी करू? आणि कोळवाड्यातली माणसं तर हल्ली आपल्या दारावरून जातच नाहीत, बांधावरून वळसा घेतात. का, ते सांगतेच. तुम्हाला ते कळायला हवं.

लिहायला तुम्हीच शिकवलंत. लग्न होऊन आले तेव्हा मला ग म भ न येत नव्हतं. तुम्ही ताम्हनात देवीचा अंगारा पसरलात आणि त्यावर बोटानं अक्षरं काढून दाखवलीत. सासूबाई म्हणाल्या, अंगाऱ्यात बोटं खुपसता, पाप लागेल. तुम्ही म्हणालात, लागलं तर त्यावर हाच अंगारा लावू. असे होतात तुम्ही. देवीवर एवढा भरवसा, की तिची थट्टाही करायचात. माहेरची माणसं विचारायची, गुरवाच्या घरात कसं काय चाललंय, आणि मी सांगायची, हसून हसून पोट दुखतं. धाकू तांडेलाचा मचवा गेला तोपर्यंत ते खरं होतं.

मिठाची चळवळ झाली, तिच्या आदल्या वर्षीचा कार्तिक. धाकू तांडेलाचा मचवा मासे मारायला बाहेर पडला तेव्हा पाणी अगदी शांत होतं. मचव्यात पाच जण होते. धाकू, त्याचे दोन भाऊ, गोम्या आणि पोशा. पोशाचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. त्याची बायको येसू पाटी घेऊन बाजाराला जाताना आपल्या ओटीवर टेकायची, पाणी मागायची आणि पोशा कसा घोरतो त्याची नक्कल करून दाखवायची. तुम्ही आतून ऐकत असायचात आणि बाहेर येऊन गंभीर तोंडानं तिला विचारायचात, कौल लावू का, घोरणं थांबेल का ते बघायला?

मचवा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ पिवळं पडलं. गुरं आपण होऊन गोठ्यात आली. मग जे सुटलं त्याला मी वारा म्हणणार नाही. पोफळी मधोमध मोडल्या, खाडीतल्या होड्या वाड्यांमध्ये येऊन पडल्या. बाकीचे मचवे कुठे कुठे लागत, दोन-तीन दिवसांत परतले. धाकूचा आला नाही.

मग पाच घरच्या बायका देवळात आल्या. आपल्याकडची रीत अशी, की एका मचव्याचा एक कौल. मचव्यात बसलं की माणसं वेगळी उरत नाहीत, लाभ एक आणि बुडणं एक, असं कोळी म्हणतात. म्हणून विचारायचं ते मचव्याचं, आणि नाव घ्यायचं ते मचवा चालवणाऱ्या तांडेलाचं. तुमच्या वडिलांनी असंच विचारलं, त्यांच्या वडिलांनीही. तुम्ही देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्यात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग हात जोडून म्हणालात, आई जाखमाते, धाकू तांडेलाच्या मचव्याची माणसं जिती असतील तर उजवा दे.

मी दाराशी उभी होते. आत कुणी रडत नव्हतं. रडलं तर अवलक्षण होईल म्हणून बायकांनी पदर तोंडात धरले होते. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी पाकळी पडली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. हे लिहून ठेवते, कारण नंतर आपण इतकं भांडलो, त्यात मी एकदाही म्हटलं नाही की तुम्ही लबाडी केलीत. पाकळी पडली, आणि येसूनं कपाळाला हात लावून आपलं कुंकू जागेवर आहे ना ते बघितलं.

घरी आल्यावर मी बोललेच. देवळाच्या दाराचं एक कवाड कायम अडकलेलं, सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो तो सरळ देवीच्या उजव्या अंगावर, मग ती पाकळी आधी सुकणार नाही तर काय होईल? तुम्ही जेवत होतात. घास न थांबवता म्हणालात, "आणि वारा कुणाच्या हुकमानं सुटतो?" मी म्हटलं, मग वाऱ्यालाच विचारा, देवीला मध्ये कशाला उभी करता? तुम्ही हसलात आणि ठसका लागला. कौलाच्या बोलण्यावर तुम्ही हसलेलं मी त्यानंतर पाहिलं नाही.

महिना झाला नसेल, तेवढ्यात दिवेआगरच्या पुळणीवर केवड्याच्या बनापाशी मचव्याचं सुकाणू येऊन लागलं. धाकूनं दसऱ्याला लावलेला शेंदूर अजून त्याच्या खाचेत होता. लाकूड सांगत होतं गेले, पाकळी सांगत होती आहेत. कोळवाड्यानं पाकळीचं ऐकलं. मी तेव्हा फणफणले होते, की एवढं धडधडीत समोर येऊन पडलंय ते दिसत नाही का कुणाला? तुम्ही एवढंच म्हणालात, जिचा माणूस पाण्यात हाय तिला जाऊन सांग. मी गेले नाही.

पाचही घरांत कुंकू राहिलं आणि पिंडदान झालं नाही. जित्या माणसाचा पिंड घालायचा कसा? पण मेलेला उपाशी राहिला तर काठ सोडत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडानं कुणी बोलत नव्हतं. दिवस मावळायच्या आधी मुलांना घरात ओढून घ्यायला लागले. घास ठेवलेला नसताना धाकूच्या परसात कावळे येऊन बसायचे आणि घराकडे तोंड करून गप्प राहायचे. जाळ्यात मासळी यायची ती डोळे खाल्लेली. तिन्हीसांजेला पुळणीवर गेलेल्या माणसांना पाण्याच्या कडेनं कुणी चालत असल्यासारखं वाटायचं, आणि ती परत येऊन दार लावून घ्यायची.

त्याच दिवसांत आपल्या मडक्यातला भात कमी भरायला लागला. मला वाटलं मांजर. मग एकदा दिवस मावळताना तुम्ही पंचा खांद्यावर टाकून निघालात, आणि मी मागोमाग आले. कडेनं कोण चालत होतं ते मला त्या दिवशी कळलं. गुडघाभर पाण्यात उभे राहून तुम्ही भाताचे गोळे करत होतात, त्यावर तीळ टाकत होतात आणि एकेक पाण्यात सोडत होतात. मी मोजले नाहीत, मोजायची गरजही नव्हती. ज्यांना तुम्ही सगळ्या गावासमोर जिवंत ठरवलंत, त्यांना तुम्हीच चोरून पिंड घालत होतात.

मी तिथंच विचारलं, की हे काय चाललंय? तुम्ही दचकला नाहीत. हात धुतलेत आणि म्हणालात, "जिते असले तरी भूक लागतेच ना." मी म्हटलं, तुमचा स्वतःचा विश्वास नाही, आणि ती पोर त्यावर कुंकू लावून बसलीये. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी इतकी वर्षं घोळवते आहे. तुम्ही म्हणालात, "माझा देवीवर विश्वास हाय. माझ्या कानांवर न्हाय. ती काय बोलली आणि मी काय ऐकलं, ते एकच हाय का, ते मी कुणाला विचारू?"

तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवसापासून मला देवळाची भीती वाटायला लागली. आधी वाटत होतं, आत एक दगड आहे, दोन पाकळ्या आहेत आणि माझा भोळा नवरा आहे. मग कळलं की नवरा भोळा नाही. त्याला सगळं दिसतंय, आणि तरी तो रोज सकाळी तिथं जाऊन उभा राहतोय, आणि लोक त्याच्या तोंडाकडे बघताहेत.

मग गोम्या आला. दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात दिघीला आगबोट लागली आणि तिच्यातून उतरून तो चालत गावात आला. एका गलबतानं त्याला पाण्यातून उचललं होतं आणि मलबाराकडे नेलं होतं. तिकडे तापानं महिनोन् महिने पडला, मग मिळेल ते काम करत करत परतला. काय गलका झाला त्या दिवशी! ढोल वाजले, देवीला खण आले, तुम्हाला खांद्यावर उचलून घेतलं. कौल खरा ठरला होता ना! तुमचं तोंड मी बघत होते. खांद्यावरच्या माणसाचं तोंड असं पांढरं नसतं.

बाकीच्यांचं गोम्यानं सांगितलं. धाकूच्या डोक्यावर डोलकाठी पडली. दोघे भाऊ शिडाखाली सापडले, वर आलेच नाहीत. पोशा आणि तो एका फळीला धरून होते, बोलतही होते. मग एक लाट आली, आणि लाट गेल्यावर फळीला तो एकटाच होता. येसूनं त्याला विचारलं, बुडताना बघितलंस? गोम्या म्हणाला, "बघितला न्हाय. दिसला न्हाय, येवढंच सांगीन." धाकूच्या आणि त्याच्या भावांच्या घरच्यांनी रडून घेतलं, दिवस केले, बायकांनी कुंकू पुसलं. येसूनं पुसलं नाही. कौल उजवा होता, आणि एक जण परत आला होता. एक येतो तर दुसरा का येणार नाही?

तेव्हाचं आपलं भांडण सगळ्यात मोठं. मी म्हटलं, पाचांतला एक आला आणि चार गेले, तरी तुमचा कौल खरा. एकही आला नसता तर म्हणाला असतात, कुठेतरी आहेत, येतील. पाचही आले असते तर विचारायलाच नको. मग तो खोटा ठरायला व्हायला तरी काय हवं होतं? कशानंच खोटं न ठरणारं उत्तर, त्याला खरं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? तुम्ही सुपारी कातरत होतात. अडकित्ता खाली ठेवलात. म्हणालात, देवी खोटं बोलली न्हाय, मी पाच जणांचं एकदम विचारलं, एकेकाचं विचारायला हवं होतं. मी म्हटलं, झालं तर मग, आता पोशाचं एकट्याचं विचारा. तर म्हणालात, उजव्या कौलावर परत कौल लावत नाहीत, ती देवीची परीक्षा होते.

मी काय काय बोलले तेव्हा! म्हटलं, जी देवी परीक्षेला भिते तिला मी नैवेद्य करणार नाही. दोन दिवस केला नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः भात लावलात तो करपला, आणि तोच देवीपुढे ठेवून आलात. मग मला राहवेना.

त्यानंतर तुमचं नाव झालं. म्हसळ्याकडून, वरच्या गावांतून माणसं यायला लागली. गाय हरवली, पोरगी द्यायची का, जमिनीचा वाद, सगळं तुमच्या दोन पाकळ्यांवर. जितकी माणसं वाढली तितके तुम्ही गप्प होत गेलात. रस्त्यात कुणी पाया पडलं तर पाय मागे घ्यायचात. एकदा एक बाई तापानं फणफणलेलं मूल खांद्यावर घेऊन आली आणि म्हणाली, म्हसळ्याला डॉक्टरकडे न्यावं का ते विचारा. तुम्ही गाभाऱ्यातून बाहेर येऊन तिच्या अंगावर ओरडलात, की आधी ने, आणि गाडीवाल्याला हाताला धरून आणलंत. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला, की मी मागच्या दारी जाऊन रडले. तुम्हाला बोलले नाही. भांडायला तोंड होतं, हे बोलायला नव्हतं. आता बोलते. मोठे होतात हो तुम्ही त्या दिवशी.

पण येसूच्या वेळी तसं ओरडला नाहीत.

श्रीवर्धनकडचा एक बिजवर तिच्यासाठी तयार झाला होता. स्वतःची होडी होती, माणूस सालस होता, आणि त्यांच्यात पाट लावून पुन्हा संसार मांडायची रीत आहे. येसूचा भाऊ आला, ओटीवर बसला आणि म्हणाला, पोशाचा एकट्याचा कौल लावा, डावा आला तर बहिणीचं काहीतरी होईल. येसू खाली पायरीवर बसली होती. मी तिला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणाली, "माझ्या मनाचं काय, वयनी? देवीनं धरून ठेवलंय. देवी सोड म्हनली तर सोडीन." सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही उठलात, आत गेलात आणि बाहेर आलाच नाहीत. तो माणूस पुढचा पावसाळा सरेपर्यंत थांबला. मग त्यानं दुसरीकडे घर केलं. त्यानं तरी किती थांबायचं?

तेव्हा मी तुमच्याशी आठ-दहा दिवस बोलले नाही. शेवटी तुम्हीच बोललात. विहिरीवर पाणी ओढताना, माझ्याकडे न बघता. म्हणालात, "डावा आला तर पोशाला मी मारला. उजवा आला तर तिला जन्मभर मी कोंडली. मला दोन्हीची भीती वाटते." मी कळशी उचलली आणि घरात आले. तुमच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, असं आता वाटतं. पण अजूनही मला वाटतं, की तुमची भीती तुमच्यापाशी होती आणि तिचे दिवस तिचे जात होते.

किती गेले! दर नारळी पौर्णिमेला ती नव्या हिरव्या बांगड्या भरायची. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, यावर बायकांची कुजबुज व्हायची, आणि मग बोलवेनाशा झाल्या. नव्या नवरीला तिच्या समोरून नेत नसत. मोठं लाल कुंकू लावून ती रस्त्यानं चालली की लोक बाजूला व्हायचे. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. दर अवसेला ती आपल्याकडे यायची आणि खालूनच विचारायची, काही कळलं का? तुम्ही म्हणायचात, कौल उजवा हाय. दर अवसेला तुमचा आवाज थोडा खाली गेलेला असायचा, आणि ती तेवढंच ऐकून निघून जायची. पोशाची नक्कल करणारी ती पोर कुठे गेली, ते मला ठाऊक नाही.

या श्रावणात तुम्ही भिजलात. पुळणीवर जाणं अजून सोडलं नव्हतंत, मला माहीत होतं. भात मी स्वतःच जास्तीचा शिजवायची, आपण दोघंही त्यावर बोलत नव्हतो. ताप छातीत उतरला. डॉक्टर येऊन औषध देऊन गेला आणि जाताना माझ्याकडे न बघता गेला.

आणि मग माझी गंमत बघा. जिनं जन्मभर त्या पाकळ्यांची टर उडवली, ती मी तुमच्या उशाशी बसून म्हणाले, भाऊजींना सांगते, तुमच्यासाठी कौल लावू दे. तुम्ही डोळे उघडलेत.

"आणि डावा आला तर? औषध बंद करशील?"

मी म्हटलं, नाही.

"उजवा आला तर?"

म्हटलं, तरी नाही.

"मग विचारायचं कशाला?"

माझंच बोलणं इतक्या वर्षांनी माझ्याच तोंडावर मारलंत. दुखण्यातसुद्धा तुमच्या ओठांच्या कडा हलल्या, मी पाहिलं. मला रडू आलं. म्हटलं, मला ऐकायचं आहे म्हणून. कुणीतरी सांगावं म्हणून. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "येसूलाही तेच हवं व्हतं." मग खूप खोकलात. खोकून झाल्यावर पुन्हा म्हणालात, येसूला सांग. काय सांगू, मी विचारलं. कान तोंडाशी नेला. तुम्ही काहीतरी बोललात आणि मला ते कळलं नाही. श्वास होता, शब्द नव्हते. उजाडताना तुम्ही गेलात.

तुम्हाला माहीत आहे का, मी त्या श्वासाचा किती वेळा अर्थ लावला? सोड म्हणालात, असं एकदा वाटतं. थांब म्हणालात, असं एकदा वाटतं. तुम्ही गाभाऱ्यात उभं राहून जन्मभर काय सोसलंत, ते मला त्या एका सकाळीत कळलं. बोलणारा मोठा असेल, खरा असेल, पण ऐकणारी मी आहे, आणि मला हवं ते ऐकू येतं.

तुम्हाला नेल्यावर बायका मला अंगणात घेऊन बसल्या. वाडीतली थोरली काकू, तीच सगळ्यांच्या बांगड्या फोडते, तिनं माझे हात दगडावर धरले. आवाज झाला, काच मनगटाला लागली, रक्त आलं. एवढ्यात बायका बाजूला व्हायला लागल्या. येसू आत येत होती. कुणी तिला अडवायला पुढे झालं नाही. ती माझ्या समोर येऊन बसली. कोळणींच्या डाव्या हातातच काचेच्या बांगड्या असतात. उजव्या हातातल्या लग्नातच समुद्राला देऊन टाकतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. तिनं तो डावा हात दगडावर ठेवला.

"वयनी, माझ्या पन फोडा."

काकू मागे सरकली. म्हणाली, हिचा कौल उजवा आहे, हिला हात लावला तर देवी कोपेल, कोळवाड्याचा एक मचवा परत येणार नाही. इतर बायकाही मागे झाल्या. मी येसूला विचारलं, तुला देवीनं सांगितलं होतं ना?

ती म्हणाली, "देवी काय बोलली मना ठाव न्हाय. मना गुरवांनी सांगितलं व्हतं. आता ते न्हाय. आता सांगनारा कोन?"

तुमचा निरोप मला कळला नव्हता. कळला असं मी तिला सांगू शकले असते. सोड म्हणाले, एवढं म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं, काकूनंही हात लावला असता. पण मग तो आणखी एक कौल झाला असता, आणि तिच्या पुढच्या आयुष्यावर पुन्हा कुणाचं तरी ऐकीव ओझं बसलं असतं. मी म्हटलं, येसू, ते काय बोलले ते मला समजलं नाही. मला काहीच ठाऊक नाही.

ती म्हणाली, "मना बी न्हाय," आणि हात तसाच ठेवला.

मी दगड उचलला आणि फोडल्या. माझ्या हातांनी. तुमचा उजवा कौल मी मोडला. दसरा येतोय, मचवे बाहेर पडलेत, आणि एखादा परत आला नाही तर लोक माझ्याच दारात येऊन उभे राहतील, हे मला ठाऊक आहे. वाऱ्याचा आवाज बदलला की मीही उठून दाराशी जाते आणि कान देते. रागावलात तरी चालेल. पण त्या अंगणात तुम्ही असतात तर दगड तुम्हीच माझ्या हातात दिला असतात, असं मला वाटतं, आणि हे मला कुणी सांगितलेलं नाही.

शेवटची काच पडली, आणि ती रडायला लागली. लग्नाच्या वर्षीपासून दाबून ठेवलेलं सगळं. पोशाचं नाव घेऊन नाही, नुसती मोठ्यानं, जमिनीवर कपाळ टेकून. तो आवाज पार पुळणीपर्यंत गेला असेल. स्मशानातून परतणारी माणसं वाटेत थबकली. त्यांना वाटलं, गुरवासाठी कोळीण किती रडते बघा.

मी त्यांना काही सांगितलं नाही.